गाडी बंद पडली, तर आधी माणसं बाजूला

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी गोव्यात साखळी भागात राहते, शाळेत शिकवते. यजमान शिपवर असतात, वर्षातले आठ-नऊ महिने घरी नसतात. आमची नऊ वर्षांची जुनी गाडी मीच चालवते, पण तिची देखभाल आजवर त्यांनीच केली. जूनमध्ये सासूबाईंना बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखवून परत येताना, माशेल सोडल्यावर, तिन्हीसांजेला भर पावसात गाडी गरम होऊन बंद पडली. यजमानांना फोन लागला. त्यांच्या सांगण्यावरून मी बोनेट उघडलं आणि फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवणार, तेवढ्यात बाइकवरच्या दोन मुलांनी ओरडून थांबवलं. सासूबाई गाडीतच बसून होत्या. त्या मुलांनीच पुढे सगळं केलं. मी नुसती उभी राहिले, याची लाज अजून जात नाही. दीर म्हणतात, "गाडीतलं कळत नाही तर विकून टाका." मी ईर्षेने पान्यांचा संच आणला, रात्री व्हिडिओ बघते. पण त्या दिवसापासून गाडी साखळीबाहेर नेलेली नाही. सासूबाईंची पुढची तारीख जवळ आली आहे. मी गाडीचं सगळं काम शिकू, की खरंच विकू?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. रेडिएटरच्या झाकणाची नव्हे, तिच्यानंतरची. "सासूबाई गाडीतच बसून होत्या." हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरली होती का, वळणावर होती का, मागचे दिवे चालू होते का, यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते सगळं बोनेटच्या आतलं. तुम्हाला दोष द्यायला हे सांगत नाही. गाडी बंद पडली की आपण जवळजवळ सगळेच पुढे धावतो आणि बोनेट उघडतो. धोका मात्र बहुतेक वेळा मागून येत असतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी अनमोड घाटात आमच्या गाडीचं मागचं उजवं चाक पंक्चर झालं. मला आणि माझ्या नवऱ्याला, दोघांनाही स्टेपनी बदलता यायची, त्यामुळे जिथे थांबलो तिथेच कामाला लागलो. मी रहदारीच्या बाजूला उकिडवी बसून नट काढत होते. एक ट्रक इतका जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने जॅकवरची गाडी हलली. चाक आम्ही चटकन बदललं, कुणाला काही झालं नाही, पण घरी पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. दुरुस्ती आम्हाला पुरेपूर येत होती. थांबायचं कुठे आणि उभं कुठे राहायचं, हे येत नव्हतं. शंभर पावलं पुढे मोकळी सपाट जागा होती. पंक्चर झालेल्या चाकावर तेवढं हळूहळू गेलो असतो, तर फार तर एक टायर गेला असता.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं गृहीतकच मला मान्य नाही. गाडीचं काम आलं की बाई सुरक्षित, नाही आलं की असुरक्षित, असं तुम्ही धरून चालला आहात आणि तुमचे दीरही. रस्त्यावर थांबल्यावर चालवणाऱ्याचं काम गाडी दुरुस्त करणं हे नाहीच. आधी माणसं रस्त्यापासून दूर न्यायची, मग गाडी इतरांना लांबून दिसेल असं करायचं, मग मदतीला फोन. दुरुस्ती चौथ्या क्रमांकावर येते आणि ती दुसऱ्या कुणी केली तरी चालते. हे पहिले तीन क्रमांक शिकायला पान्यांचा संच लागत नाही.

आता झाकणाचं, कारण त्या मुलांनी तुम्हाला ज्यापासून वाचवलं ते नीट समजायला हवं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट दाबाखाली असतं आणि त्या दाबामुळे ते 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि आतलं पाणी त्या क्षणी उकळून वर उसळतं, थेट चेहऱ्यावर आणि हातांवर. ओल्या फडक्याने ते थांबत नाही. गाडी गरम झाली की इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. वरचा रबरी पाइप गार लागेपर्यंत थांबलात तर उत्तम. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बोटं आणि ओढणी त्याच्यापासून लांब. तापलेल्या इंजिनवर किंवा रेडिएटरमध्ये एकदम गार पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो. सगळं गार झाल्यावर कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. कमी असेल तर साधं पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. घातलेलं पाणी खालून लगेच गळायला लागलं, तर गाडी हलवायची नाही, टोइंगला फोन करायचा.

खरं तर गाडी आधी सांगत असते. तापमानाचा काटा वर सरकू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि काचा खाली घ्या. हीटर इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. पाच मिनिटं घामाघूम व्हाल, पण बरी जागा गाठायला वेळ मिळेल. काटा लालपर्यंत गेला किंवा लाल दिवा लागला, तर मात्र पुढचा पेट्रोल पंप वगैरे मनात आणू नका, मिळेल त्या सुरक्षित कडेला थांबा. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा, लाल म्हणजे थांबा, एवढं ढोबळमानाने लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिन तिथेच बंद करायचं. ऑइलचा दाब नसताना काही मिनिटांत इंजिन निकामी होतं. बॅटरीचा लाल दिवा लागला तर तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा पट्टा तुटला असेल, तर काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर कूलंटचा पंपही चालतो.

थांबायचं ठरल्यावर इंजिन बंद पडण्याआधी, गाडीच्या उरलेल्या वेगाने डावीकडे उतरा. इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. ब्रेक गेलेला नसतो, नेहमीपेक्षा बराच जोर लावून दाबावा लागतो. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. पावसाळ्यात आपल्याकडची कडा फसवी असते. डांबर संपलं की लाल चिखल, आणि गवताखाली झाकलेलं चिऱ्याचं खोल गटार. अनोळखी रस्त्यावर चाक फार बाहेर घालण्यापेक्षा थोडं पुढे जाऊन एखाद्या घराच्या फाटकापाशी, बसथांब्याच्या जागेत, देवळाच्या आवारात थांबणं चांगलं. वळणावर आणि पुलावर शक्यतो थांबूच नका.

मग चारही इंडिकेटर लावा. आपल्याकडे पाऊस वाढला की अनेकजण चालत्या गाडीतही ते लावून ठेवतात. कृपा करून तसं करू नका. त्याने थांबलेली गाडी कुठली आणि चालणारी कुठली हे मागच्याला कळत नाही. इंडिकेटर लावून झाले की सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं. गाडीपासून दूर, रस्त्याच्या बाहेर, लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे उभं राहायचं, तेही गाडीच्या पुढे नाही. मागून कुणी धडकलं तर गाडी पुढे ढकलली जाते. डिकी आणि मागच्या गाडीच्या मध्ये उभं राहणं तर सर्वांत वाईट. बाहेर पाय ठेवायलाही जागा नसेल, किंवा विजा कडाडत असतील आणि आसपास फक्त झाडं असतील, तर गाडीत बसून पट्टे लावून ठेवणं भाग पडतं. पण तो नाइलाज समजा. नुसता पाऊस आहे म्हणून आत बसून राहायचं नाही. छत्री घ्या आणि उतरा.

लाल त्रिकोण डिकीत आहे का, हे आजच बघा. बऱ्याच जणांच्या गाडीत तो वेष्टनातच असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. म्हणजे चालकाला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती पंचवीसेक मीटर पुढे आलेली असते, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला पुढे आणखी तेवढंच, कधी त्याहून जास्त अंतर लागतं. गाडीच्या मागे दोन पावलांवर ठेवलेल्या त्रिकोणाचा म्हणूनच उपयोग नाही. साध्या रस्त्यावर निदान 50 मीटर, म्हणजे तुमची साठ-सत्तर पावलं. पत्रादेवी ते पोळेच्या महामार्गासारख्या वेगाच्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला वळण्याआधी दिसेल असा. नेताना त्रिकोण अंगासमोर धरा आणि डांबराच्या बाहेरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. त्रिकोण नसेल तर आपल्याकडची जुनी पद्धत आहेच, रस्त्यावर पानांची फांदी टाकायची. दिवसा ती चालते. दगड मात्र नको. घाटात चाकाला लावलेले दगडही निघताना उचलून कडेला टाका. चोर्ल्याच्या चढावर रात्री एखादा बाइकवाला त्या विसरलेल्या दगडावरच पडतो.

एवढं झालं की फोन. कुणी जखमी असेल तर 108, पोलीस किंवा कुठलीही तातडीची मदत लागली तर 112, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033. तुमच्या विम्याच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का, हे कागद काढून बघा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ते नसतं. असेल तर तो नंबर, आणि साखळी व माशेल अशा दोन्ही बाजूंच्या एकेका गॅरेजवाल्याचा नंबर, कागदावर लिहून गाडीत ठेवा. केरीच्या पुढे घाट चढताना नेटवर्क जातं आणि मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच उतरते.

आता त्या दोन मुलांबद्दल. त्यांनी मदत केली आणि तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात, याची तुम्हाला लाज वाटते. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. गोव्यातल्या रस्त्यावर थांबलेल्या बाईसाठी कुणीतरी थांबतं, हे आपलं भाग्य आहे आणि ते घ्यावं. त्याचबरोबर भीती वाटणंही खोटं नाही. एकट्या असाल आणि कुणी आलं, तर थोडं अंतर ठेवून, आणि गाडीत बसणं भाग पडलं असेल तर काच दोन बोटंच खाली घेऊन, सांगा की गॅरेजवाल्याला फोन झालाय, तो निघालाय. घरी लोकेशन पाठवल्याचंही त्यांच्यासमोर बोला. मदत घ्यायची तर नेमकं काम सांगा: "मागे उभे राहून गाड्यांना हात दाखवाल का?" मदत करायला आलेल्या माणसाला हे काम आवडतं, आणि तेच सर्वांत उपयोगाचं असतं. मनाला पटत नसेल तर नको म्हणा आणि जवळच्या घराकडे चालू लागा. आपल्या गावांत अंगणात दिवा लावलेलं घर फार लांब नसतं.

यजमानांशीही एकदा बोला, भांडण म्हणून नव्हे. ते दूर समुद्रावर आहेत, काळजीत आहेत आणि गाडी त्यांना दिसत नाही. न दिसणाऱ्या गाडीला फोनवरून औषध सांगणं किती धोक्याचं असतं, हे त्या झाकणाने दाखवलं. पुढच्या वेळी फोन केलात तर "आम्ही रस्त्यापासून लांब उभ्या आहोत, गॅरेजवाला येतोय" एवढंच सांगा. त्यांनाही तेच ऐकायचं असेल. त्यांची मदत हवीच आहे, पण ती सुट्टीवर आल्यावर, अंगणात, दिवसाउजेडी.

शिकायचं असेल तर जरूर शिका. पण व्हिडिओतली गाडी तुमची नसते. तुमच्या गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल, आधी ते काढा. माझ्या मते तुम्हाला स्टेपनी बदलणं आलं पाहिजे, कारण त्याची पाळी कधी ना कधी येतेच. एका रविवारी सपाट अंगणात करून बघा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, समोरच्या कर्णातल्या चाकाला दगड लावा. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा. चाक उचललं की हात-पाय कशालाही गाडीखाली घालायचं नाही, नट खाली घरंगळला तरी. बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, शेवटचा जोर चाक खाली टेकल्यावर. पुढच्या पन्नासेक किलोमीटरनंतर ते पुन्हा बघायचे. तुमचे नट गॅरेजमध्ये मशीनने आवळलेले असतील तर ते तुमच्या पान्याने हलणारही नाहीत. गॅरेजवाल्याला ते सोडवून हाताने आवळून द्यायला सांगा. डिकीत प्लायवूडचा जाड तुकडा ठेवा, कारण ओल्या लाल मातीत जॅक रुततो. आणि स्टेपनीत हवा आहे का बघा. न वापरलेल्या टायरची हवा कुणी तपासत नाही. ज्यांच्या नव्या गाड्या आहेत त्यांनीही डिकी उघडून पाहावी. 2020 मध्ये नियम बदलल्यापासून काही गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चर किट मिळतं, आणि ते रस्त्यावरच पहिल्यांदा कळतं.

बॅटरीच्या वायरी जोडणं हे दुसरं. तांबडी वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचं दुसरं टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी त्याच्याजवळ नको. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर हात लावू नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत टोकांवर पांढरा-हिरवा थर चढतो. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, हा थरच तिला अडवत असतो. तो गॅरेजमध्ये साफ करून घ्या.

ब्रेक, पेट्रोलचा वास, गाडीखालचं काहीही, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरी, हे तुमच्या-माझ्यासाठी नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. पाणी इंजिनात गेलेलं असेल तर त्या एका सेल्फने आतले भाग वाकतात. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, आणि ती नेताना चारही चाकं उचलणारी गाडी मागवावी.

विकण्याचं म्हणाल, तर दीरांचा प्रश्न मी जरा वेगळा विचारेन. गाडी विकल्यावर सासूबाईंना बांबोळीला कोण नेणार? ते स्वतः दर वेळी येणार असतील तर विचार करण्यासारखं आहे. कदंबाच्या सरकारी बसने जायचं तर सासूबाईंना दोन बस बदलणं आणि थांब्यावर थांबणं झेपेल का, ते त्यांनाच विचारा. यातलं काहीच होण्यासारखं नसेल, तर विकायचा सल्ला म्हणजे तुमच्या अडचणीला दिलेली सुट्टी नव्हे, ती अडचण तुमच्याकडेच राहते. मात्र नऊ वर्षांच्या गाडीबद्दलची त्यांची काळजी अगदीच चूक नाही. ती आत्ताच गॅरेजमध्ये द्या आणि नावं घेऊन सांगा: कूलंटचे रबरी पाइप, पंप, रेडिएटरचा पंखा, पट्टा, बॅटरीचं वय, टायर. टायरच्या बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. खाच 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर कायद्यानेच बाद, पण आपल्या पावसात तेवढी वाट बघू नका. जूनमध्ये गाडी नेमकी का तापली, हे गॅरेजवाल्याकडून स्पष्ट शब्दांत समजून घ्या. नुसतं पाणी भरून दिलं असेल तर ती पुन्हा तापेल. मोठा खर्च निघाला, तर विकायचं की दुरुस्त करायचं हा पैशांचा हिशेब होईल, आणि तो तुम्ही यजमानांबरोबर बसून करा.

तारखेच्या आधी एकदा, सकाळच्या उजेडात, एकट्याच माशेलपर्यंत जाऊन या. ती जागा जवळ आली की गाडी हळू करा आणि बघा, त्या रस्त्यावर कडेला कुठे कुठे नीट थांबता येईल. दोन-तीन जागा तरी सापडतील. परतीची वेळ अंधाराआधीची मिळावी म्हणून सासूबाईंची तपासणी सकाळची मागून घ्या. त्या दिवशी डिकीत त्रिकोण, टॉर्च, पाण्याची बाटली, मोठी छत्री आणि घडीचं स्टूल ठेवा, कारण वयस्कर माणसाला कठड्यापलीकडे अर्धा तास उभं राहणं जमत नाही. आणि सासूबाईंना डावीकडच्या सीटवर बसवा, म्हणजे उतरायची वेळ आलीच तर त्यांच्या बाजूचं दार रस्त्याकडे उघडणार नाही.